विमानतळाला गुण कोणी द्यायचे? गेटवर गाठलेल्या प्रवाशानं की ऑनलाइन रिव्ह्यू लिहिणाऱ्यानं?

कृष्णाकाठ (सांगली)
सांगलीजवळच्या कवलापूरची धावपट्टी नुसती पडून आहे, त्यामुळं आपल्याला विमान म्हटलं की कोल्हापूर, बेळगाव नाहीतर पुणं. निघण्याआधी मी रिव्ह्यू वाचतोच.

मागच्या दिवाळीत आईला घेऊन गेलो होतो. उतरल्यावर व्हीलचेअर यायला पाऊण तास लागला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई भिंतीला टेकून, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून उभी. बाहेर पडेपर्यंत एकानंही "काय झालं?" म्हणून विचारलं नाही. रात्री रिव्ह्यू लिहायला बसलो, तर आधीच तिघांनी हेच लिहून ठेवलेलं.

जगभरचे विमानतळ २००६ पासून ज्या एएसक्यू (एअरपोर्ट सर्व्हिस क्वालिटी, म्हणजे प्रवाशांना विचारून सेवेला गुण देणाऱ्या) पाहणीचे गुण मिरवतात, ती मुळात विमान सुटायच्या गेटवर होते. तिथं बसलेल्या माणसाचं सामान अजून पट्ट्यावर यायचंय, टॅक्सीवाल्याशी गाठ पडायचीय. उतरलेल्याचे हाल कळायचे कसे? सेवेचा दर्जा मोजताना रिव्ह्यू धरलेच पाहिजेत.

विश्रामबागकर
दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. तरीही असहमत. मी संख्याशास्त्र शिकवते. पाहणीत कोणत्या विमानाचे किती प्रवासी घ्यायचे हे आधी ठरतं. रिव्ह्यू ज्याला वाटेल तो लिहितो, आणि ज्याचं सगळं सुरळीत पार पडलं तो सरळ गाडीत बसून घरी जातो. किती जणांपैकी किती वैतागले, हेच कळत नाही. खोटे रिव्ह्यू तर पैसे देऊन लिहून मिळतात.

आणि राग कुणावर निघतो तेही बघा. व्हीलचेअरची मागणी विमान कंपनीकडं नोंदवायची असते, ती पुरवणं कंपनीचं काम. सुरक्षा तपासणीची रांग बहुतेक मोठ्या विमानतळांवर सीआयएसएफ या केंद्राच्या सुरक्षा दलाच्या हातात. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची. एक तारा मात्र विमानतळाच्या नावावर.

कृष्णाकाठ (सांगली)
ताई, काम कुणाचंही असो, आई उभी राहिली ती विमानतळावरच ना? कंत्राट कुणाचं हे प्रवाशानं का शोधत बसायचं? चौघं चार वेगवेगळ्या दिवशी एकाच जागेबद्दल लिहितात तेव्हा तो नुसता राग राहत नाही. तारे सोडा, मजकूर वाचा.

मिरजेचा पोरगा
मजकूर वाचण्याचंच काम करतो, म्हणून लिहितो. हजारो रिव्ह्यूंतून रांग, स्वच्छतागृह, पार्किंग असे विषय संगणक वेगळे काढतो, सूर बरा की वाईट तेही सांगतो. पण आपली माणसं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, मध्येच हिंदी. "वा, काय सोय आहे, दोन तास उभं केलं" हे वाक्य यंत्र कौतुकात टाकतं. मी स्वतः असली वाक्यं हातानं बाजूला काढलीत.

दुसरं, पुण्याचं नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं. जुन्या इमारतीतल्या गर्दीचे तारे त्याच नावाखाली सरासरीत बसलेत. तारखा न बघता आकडा घेतला तर पाडलेल्या घराची गळती नव्या घराच्या नावावर लावल्यासारखं होतं.

विश्रामबागकर
हेच म्हणतेय मी. एकाच जागेबद्दल तक्रारी वाढल्या तर व्यवस्थापनानं त्याच आठवड्यात तिथं जाऊन बघावं, याला माझी ना नाही. पण त्यावरून गुण, क्रमवारी, पुरस्कार द्यायला माझा ठाम विरोध आहे. कोल्हापूरसारख्या लहान विमानतळावर एक विमान रद्द झालं तरी सरासरी घसरेल.

तासगावची लेक
माझं दोघांशीही जमत नाही. आमचे अण्णा द्राक्षबागायतदार, वयाच्या ७१ व्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसले. फलक इंग्रजी-हिंदीत, घोषणा पळत्या. गेट बदललेलं त्यांना कळलंच नाही, एका सफाई करणाऱ्या मावशीनं हाताला धरून नेलं म्हणून विमान मिळालं. ते रिव्ह्यू लिहिणार नाहीत, टॅबलेटवरचे पाचपैकी गुणही भरणार नाहीत. कुणी शेजारी बसून मराठीत विचारलं असतं, तर त्या मावशीचं नाव विचारायचं राहिलं हे त्यांनी आधी सांगितलं असतं.