कन्नड-गौताळा परिसरात स्वयंसेवी शोध व बचाव पथक उभे करायचे आहे, मार्गदर्शन हवे

अंतूरवाट (कन्नड)

नमस्कार. आम्ही कन्नड तालुक्यातील काही मित्र बऱ्याच वर्षांपासून गौताळा अभयारण्य, अंतूरचा किल्ला आणि पितळखोरे या भागात भटकंती करतो. पावसाळ्यात धबधबे पाहायला येणाऱ्यांची गर्दी अलीकडे फार वाढली आहे, आणि कोणी वाट चुकले किंवा पाय मोडून अडकले की त्याचा निरोप पुष्कळदा गुराख्यांमार्फत आमच्यापर्यंतच येतो. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स आणि महाबळेश्वर ट्रेकर्स यांच्या कामाबद्दल आम्ही वाचले आहे. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात बस कोसळली, तेव्हा दोर लावून दरीत उतरणाऱ्यांत असे स्वयंसेवकच पुढे होते. आपल्याकडे असे पथक उभे करायचे तर सुरुवात कोठून करावी? पथकाला बोलावते कोण, शोधाची आखणी कशी होते, आणि हाती आहेत तेवढ्या पैशांत आधी दोर-हार्नेस (अंगाला बांधायचे सुरक्षा पट्टे) घ्यावेत की प्रशिक्षण?

सातमाळा_पदयात्री (छत्रपती संभाजीनगर)

दोर घ्यायची घाई करू नका. तुमच्या भागात माणूस कड्यावर लटकलेला सापडण्यापेक्षा तो कोठे आहे हेच ठाऊक नसण्याचे प्रसंग अधिक येतील, आणि शोधाचे खरे काम डोंगरात पाऊल ठेवण्याआधी सुरू होते.

माणूस शेवटचा कोणी, कोठे आणि किती वाजता पाहिला, हे पहिल्या अर्ध्या तासात नीट विचारून लिहून काढावे लागते. ताशी तीन किलोमीटर चालणारा माणूस एका तासात सुमारे 28 चौरस किलोमीटरच्या वर्तुळात कोठेही असू शकतो, आणि दोन तासांनी तेच वर्तुळ 113 चौरस किलोमीटरचे होते. एवढा प्रदेश पायाखाली घालणे कोणत्याही पथकाला शक्य नसते, म्हणून माणसाचा स्वभाव विचारात घ्यावा लागतो. विस्मरण झालेले वृद्ध बहुधा समोर दिसेल त्या दिशेने चालत राहतात आणि झुडपात किंवा ओढ्यात अडकून पडतात. लहान मूल थकले की आडोशाला झोपते आणि अनोळखी हाकेला घाबरून पुष्कळदा ओ देत नाही. वाट चुकलेला धडधाकट तरुण मात्र नेटवर्क मिळावे म्हणून उंचवट्याकडे जातो किंवा पाण्याच्या आवाजामागे घळीत उतरतो.

त्यानंतर नाकेबंदी. तुमच्या डोंगराचा दक्षिण उतार मराठवाड्याच्या पठाराकडे सौम्य आहे, उत्तरेला मात्र कडे थेट खानदेशात कोसळतात. कन्नडकडून वर गेलेला माणूस पाटणादेवीच्या बाजूने चाळीसगाव तालुक्यात उतरू शकतो, म्हणजे जिल्हाही बदलतो आणि पोलीस ठाणेही. म्हणून दोन्ही बाजूंच्या वाटांच्या तोंडाशी, पाणवठ्यावर आणि औट्रम घाटाच्या रस्त्यावर माणसे बसवणे हे पहिले काम मानावे. त्याच वेळी वाटा ठाऊक असलेल्या तीन-चार जणांची हलकी तुकडी पाणी, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी आणि वॉकीटॉकी घेऊन सर्वाधिक शक्यतेच्या वाटेने पुढे पाठवतात. ती हाक मारते, शिट्टी वाजवते आणि मग पूर्ण मिनिटभर सर्वांनी शांत राहून ऐकते. हे ऐकणे लोक नेहमी विसरतात.

कोणती तुकडी कोठून कोठे गेली आणि तिथे काय दिसले नाही, याची नोंद तळावर ठेवावीच लागते. ‘तिकडे पाहून झाले’ या तोंडी वाक्यावर विसंबून एखादा भाग वगळला, तर पुढचा सारा शोध चुकीच्या जागी होतो.

निवृत्त_महसूल (परभणी)

अधिकाराबाबत स्पष्ट असलेले बरे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि बेपत्ता व्यक्तीचा तपास पोलिसांचा असतो. स्वयंसेवी पथक त्यांच्या मदतीला जाते. इंग्लंड व वेल्समध्येही पर्वतीय बचाव पथके विनामूल्य सेवा देणाऱ्या स्वयंसेवकांचीच आहेत, आणि त्यांनाही पाचारण पोलीसच करतात. त्यामुळे तुमच्याकडे थेट निरोप आला तरी प्रथम 112 या आपत्कालीन क्रमांकावर कळवा, अभयारण्याची हद्द असेल तर वन विभागालाही सांगा आणि मगच निघा. मृतदेह आढळल्यास त्याला हात न लावता पोलिसांची व पंचनाम्याची वाट पाहावी, कारण त्या जागेवरील प्रत्येक खूण तपासाला लागते.

पथकाची रीतसर नोंदणी करून घ्या, सदस्यांचा अपघात विमा उतरवा, आणि ‘आपदा मित्र’ या स्वयंसेवकांसाठीच्या सरकारी आपत्ती-प्रशिक्षणाविषयी जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात चौकशी करा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे आणि राज्य दलाची तुकडी धुळ्याला. ते पोहोचेपर्यंतचे काही तास स्थानिकांनाच सांभाळावे लागतात, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत ढिगारे उपसायला पहिले हात शेजाऱ्यांचेच होते हे आमच्या पिढीच्या मनातून जात नाही.

पैनगंगाकाठ (नांदेड)

थोडेच लिहितो. सहस्रकुंडासारख्या ठिकाणी किंवा धरणाच्या पाण्यात कोणी बुडाले, तर डोंगरी पथकाने पाण्यात उतरू नये. ती विद्या वेगळी आहे. नदीकाठच्या भोई मंडळींशी आधीच ओळख करून ठेवा, पाण्याचा ओढ आणि तळ त्यांना ठाऊक असतो.

अंतूरवाट (कन्नड)

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका राहतात. शोधाची बातमी पसरली की गावोगावचे शेकडो लोक डोंगरात शिरतात. त्यांना अडवणे बरे दिसत नाही, पण मग पाऊलखुणा उरत नाहीत. आणि माणूस सापडल्यावर त्याला खाली आणण्याची तयारी किती असावी?

सातमाळा_पदयात्री (छत्रपती संभाजीनगर)

गर्दीला परत पाठवू नका, तिला काम द्या. पोलीस पाटील व सरपंचांच्या मदतीने गावकऱ्यांच्या तुकड्या पाडा, प्रत्येक तुकडीला एक ओढा किंवा डोंगराची एक सोंड ठरवून द्या, आणि शेवटचा ठावठिकाणा जिथे आहे तो भाग प्रशिक्षित माणसांसाठी मोकळा ठेवा. चप्पल, बाटली, रुमाल असे काही दिसले तर उचलायचे नाही, खूण करून कळवायचे, एवढे निघण्यापूर्वी प्रत्येकाला सांगा.

खाली आणण्याचे काम लोकांना वाटते त्याहून पुष्कळ जड असते. स्ट्रेचरला एका वेळी सहा ते आठ खांदे लागतात आणि खडकाळ वाटेवर ते काही मिनिटांत बदलावे लागतात, त्यामुळे एक किलोमीटरलाही तासच्या तास जातात. कड्यावरून उतरवायचे असल्यास भार पेलणारा आणि सुरक्षेचा असे दोन स्वतंत्र दोर, त्यांचे वेगवेगळे अँकर (दोर जिथे पक्का बांधतात तो आधार) आणि आज्ञा देणारा एकच आवाज हवा. आपला बेसॉल्ट वरून भक्कम दिसला तरी कड्याच्या काठाशी सुटा असतो, म्हणून अँकरचे शिक्षण अनुभवी पथकाकडे जाऊनच घ्या, चित्रफीत पाहून नव्हे.

मराठवाड्यासाठी दोन गोष्टी मी मुद्दाम जोडतो. उन्हाळ्यात उष्माघात झालेला माणूस सापडला आणि तो बरळत असेल, तर त्याला उचलून धावण्याआधी सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतून वारा घालावा, कारण शरीर तापलेले राहण्याचा प्रत्येक क्षण घातक असतो. आणि किल्ल्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळ असते. ते उठलेले असताना अंगभर झाकणारे कपडे आणि जाळी नसेल, तर जखमी समोर दिसत असला तरी तुमच्या सदस्यांना आत जाऊ देऊ नका.

येत्या पावसाळ्याआधी एकाला गुपचूप पाटणादेवीच्या वाटेवर बसवून चाळीसगावच्या मंडळींसह एक पूर्ण सराव करून पाहा. पोलीस ठाणे आणि वन विभागाला मात्र सरावाची आगाऊ कल्पना द्या.