छातीच्या आधी खांदा मोजा
पुरुषाला स्वतःसाठी बायकांचे कपडे घ्यायचे असतील, तर शर्टाचा नंबर ४० असल्यास त्यांतही छाती ४० चा साइज घ्यावा, बसतोच, असा एक सल्ला दिला जातो. छातीला बसतो हे खरं, पण अडतं ते खांद्याला. मी असाच एक ड्रेस घेतला होता. हात पुढे केला की पाठीवर ताण यायचा आणि मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईची, शिवण काखेत रुतायची. कंबरेची शिवण तर चांगली दोन इंच वर, बरगड्यांवर आली होती. छातीचं माप तेच असलं तरी बायकांच्या कपड्यांत खांदा अरुंद आणि मुंढा लहान कापतात, कारण छातीची बरीच रुंदी पुढच्या बाजूला टक्स (आत घेऊन शिवलेल्या निमुळत्या चुण्या) घालून दिलेली असते. आपल्या पुरुषांच्या अंगात ती पाठीत असते.

त्यामुळे आता मी आधी नीट बसणारा शर्ट सपाट पसरून या खांद्याच्या शिवणीपासून त्या खांद्याच्या शिवणीपर्यंत टेप लावतो, मग मानेच्या मणक्यापासून कंबरेपर्यंतची उंची घेतो. साइजच्या तक्त्यातली मापं अंगाची आहेत की तयार कपड्याची, हे जरूर बघा. कपड्याची असतील तर त्यात सैलपणा धरलेला असतो. साइज खांद्यावरूनच ठरवा. कंबर नंतर आत घेता येते, अरुंद खांदा वाढवता येत नाही. पहिल्यांदाच घेत असाल तर ताणल्या जाणाऱ्या कापडाचा, रॅग्लन बाहीचा, म्हणजे बाही थेट गळ्यापासून सुरू होणारा, टॉप घ्या. त्यात खांद्यावर बाहीची शिवणच येत नाही. स्कर्टला मात्र कंबर आणि सीट (नितंबांचा घेर) मोजली की पुरतं.