मदत हवी आहे: 'ऑस्ट्रसाइज' लिहू की 'बॉयकॉट'? आज रात्रीच पाठवायचंय

बोरीकाठ: वकिलांना इंग्रजीत कागद द्यायचाय. आमच्या घराबाबत जे चाललंय त्याला 'ऑस्ट्रसाइज' म्हणतात, 'बॉयकॉट' की 'एक्सकम्युनिकेट'? लवकर सांगा.

सातपुडा: कोणी काय केलं? कागद पोलिसांना की कोर्टात? नुसत्या शब्दावरून काय सांगणार?

शब्दवेडा: 'ऑस्ट्रसाइज' ग्रीक 'ऑस्ट्राकॉन'वरून आला, म्हणजे खापर. अथेन्सचे नागरिक खापरावर नाव कोरून मत देत. किमान ६००० मतं पडली तर माणूस १० वर्षं शहराबाहेर, पण त्याची मालमत्ता त्याचीच राहायची. 'बॉयकॉट' हे आडनाव आहे. १८८० मध्ये आयर्लंडात कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी लोकांनी सगळे व्यवहार तोडले होते.

बोरीकाठ: इतिहास नंतर वाचतो. कोणता लिहू?

अमळनेरकर: भो, गावमा काय व्हयनं ते आधी सांग.

बोरीकाठ: भावाने जातीबाहेर लग्न केलं. पंचांनी न्यातीबाहेर टाकलं. काकांच्या दहाव्याला एकही भाऊबंद आला नाही. जो आमच्याकडे जेवेल त्यालाही दंड.

तापीपार: ठरावीक आंतरजातीय लग्नांना सरकार ५०,००० रुपये देतं. समाजकल्याण कार्यालयात फॉर्म भरा.

सातपुडा: तापीपार, ते त्यांनी विचारलेलंच नाही. बोरीकाठ, 'सोशल बॉयकॉट' लिहा, कायद्यात तोच शब्द आहे. 'एक्सकम्युनिकेट' मुख्यतः धर्मातून काढण्यासाठी वापरतात. 'ऑस्ट्रसाइज' चुकीचा नाही, पण कलम त्या नावाने नाही. आणि इंग्रजी कशाला? पोलीस ठाण्यात मराठीतच द्या.

बोरीकाठ: भाऊ सुरतला असतो, वकील तिथलाच. त्यांना मराठी वाचता येत नाही.

सातपुडा: हे आधी सांगायचं! सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्राचा आहे, २०१६ चा, लागू २०१७ पासून. बैठक कुठे झाली?

बोरीकाठ: पारोळा तालुक्यात, आमच्याच गावात.

सातपुडा: मग तक्रार इथेच द्या. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तो थेट नोंदवता येतो. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलिसांनी टाळलं तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

जुनाजाणता: कोर्टकचेरीत आयुष्य जातं. दंड भरा, पंचांचा मान ठेवा. आमच्याकडे असंच मिटलं.

अमळनेरकर: दादा, पैसे भरून आज मिटेल, उद्या त्यांच्या मुलीच्या सोयरिकीला पुन्हा अडवतील. काकांच्या दहाव्याला एकटं पाडणाऱ्यांचा कसला मान?

जुनाजाणता: गावात राहायचं त्यांना आहे, तुम्हाला नाही.

सातपुडा: तडजोड करायचीच असेल तर कायद्यातही सोय आहे, पण पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी लागते. पंचांना दंड भरणं ही ती वाट नव्हे. बोरीकाठ, दंड मागितल्याचा पुरावा आहे का?

बोरीकाठ: समाजाच्या ग्रुपवर मेसेज आलाय. बैठकीला कोण बसलं होतं तेही माहीत आहे. आई मात्र घाबरते.

सातपुडा: मेसेज, तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट आत्ताच घ्या, ग्रुप सोडू नका. बैठकीला बसलेल्यांची नावं लिहा. आईंना एकटीने ठाण्यात पाठवू नका, जळगावात अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते आहेत, ते सोबत येतात.

बोरीकाठ: सकाळी मराठीत लिहून पारोळ्याला जातो. सुरतच्या वकिलांना 'सोशल बॉयकॉट' कळवतो.