जास्वंदीच्या कळ्या गळण्याबद्दल
जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळत असतील, तर आधी कळीच्या देठाशी पांढरा कापूस चिकटलाय का बघा, तो मिलीबग, म्हणजे झाडाचा रस शोषणारी कीड. कडुनिंबाचं तेल आणि थोडा लिक्विड सोप पाण्यात घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत. आमच्याकडे कोथरूडला गॅलरीत ऊनच पुरत नव्हतं, कुंडी गच्चीत नेली आणि महिन्याभरात झाड बदललं, ५-६ तास ऊन हवंच हो. आणि छाटणीला अजिबात घाबरू नका, फूल नव्या फुटव्यावरच येतं, जूनमध्ये छाटलं की गणपतीत पूजेला घरचीच लाल फुलं. छाटलेल्या पेन्सिलएवढ्या जाड फांद्या फेकू नका, पावसाळ्यात मातीत खोचल्या की छान मुळं धरतात. पानं वाटून केसांना लावते मी, शिकेकाईपेक्षाही केस मऊ होतात.