मदत हवी आहे : कुरटे बेट आणि कोल्हापूर दरबार

नमस्कार मंडळी. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्ग बांधायला सुरुवात झाली, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण पुढे हे बेट आपल्या कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होतं, हे फारसं कुणी सांगत नाही! १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिलं, वर्षभरात तो करवीरकरांना परत मिळाला, आणि १८१२ च्या तहात मालवणसकट कायमचा इंग्रजांकडे गेला.

मला हवीत या मधल्या पंचेचाळीसेक वर्षांतली तिथली माणसं. किल्लेदार, खलाशी, शिबंदीचा (किल्ल्यावरच्या शिपायांचा) पगार, शिवराजेश्वराच्या (किल्ल्यातल्या शिवाजी महाराजांच्या देवळातल्या) पूजेची नेमणूक. कोल्हापूरच्या पुरालेखागारात यासाठी कोणते रुमाल (जुन्या कागदपत्रांचे गठ्ठे) मागावेत? कुणी पाहिलेत का? मोडी मला अडखळत वाचता येते, तेव्हा सोबत बसून वाचणारं कुणी भेटलं तर फार बरं होईल. रविवार सोडून कधीही येईन.