तालुक्याच्या गावात म्युच्युअल फंड वितरकाला वेबसाइट आणि फेसबुक जाहिरातीचा उपयोग होतो का?

दारव्हेकर

नमस्कार मंडळी. मी दारव्ह्यात म्युच्युअल फंड वितरक आहे, जोडीला आयुर्विम्याची एजन्सी. ग्राहक म्हणजे शिक्षक, जिल्हा परिषदेतले कर्मचारी, काही कृषी केंद्रवाले आणि कापूस-तूर विकल्यावर थोडे पैसे बाजूला टाकणारे शेतकरी. आजवर सगळं ओळखीवर चाललं.

परवा नागपूरच्या एका एजन्सीचा माणूस येऊन गेला. वेबसाइट, फेसबुक-इन्स्टाग्रामवर रोज एक पोस्ट आणि दर महिन्याला ठरावीक 'लीड', म्हणजे इच्छुक लोकांची नावं-नंबर. फी महिना बारा हजार, जाहिरातीचा खर्च वेगळा. नमुना म्हणून त्यानं माझाच फोटो लावून पोस्ट बनवून दाखवली: 'दरवर्षी १५% हमखास! आपले आर्थिक सल्लागार.' फोटो झकास आला होता, ते सोडा. बायको म्हणते, एवढ्या मोठ्या बँका आणि फंडवाले काय उगाच जाहिराती करतात? तेही खरंच. कुणी अनुभव घेतलाय का? वेबसाइट बनवू का, आणि लीड घेऊ का?

दिग्रसकरीण

दादा, ती पोस्ट कुठं टाकली असेल तर आधी काढा. 'हमखास' हा शब्द म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत चालतच नाही, बाजाराशी जोडलेल्या परताव्याची हमी कुणालाच देता येत नाही. आणि सल्लागार तुम्ही नाही. २०२० मध्ये सेबीनं, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, नियम बदलले, तेव्हापासून सल्लागार म्हणून वेगळी नोंदणी असल्याशिवाय वितरकाला तो शब्द लावता येत नाही. तुमच्या पाटीवर, कार्डावर, साइटवर 'ॲम्फी-नोंदणीकृत म्युच्युअल फंड वितरक' एवढंच (ॲम्फी म्हणजे फंड कंपन्यांची संघटना) आणि खाली एआरएन, म्हणजे तिथला तुमचा नोंदणी क्रमांक. विम्याची जाहिरात तर कंपनीच्या लेखी मंजुरीशिवाय एजंटानं काढायचीच नसते. एजन्सीवाल्याला यातलं काही ठाऊक नसेल, तर त्यानं आजवर जिम आणि कोचिंग क्लासचीच कामं केली असणार.

आता लीड. लग्नाआधी मी पुण्यात एका कर्ज देणाऱ्या कंपनीसाठी लीडवर फोन लावायचं काम करायची, म्हणून आतलं सांगते. फेसबुकच्या लीड फॉर्ममध्ये नाव आणि मोबाईल नंबर प्रोफाइलमधून आपोआप भरून येतो. माणूस अंगठ्यानं दोनदा दाबतो, फॉर्म गेला. थोड्या वेळानं मी फोन करायची तर पलीकडून, 'कोणता फॉर्म? मी तर रील पाहून राहिलो होतो.' काही जण शिव्या घालत, काही बिचारे 'घरी नाही म्हणून सांग' असं पोराला सांगताना ऐकू येत. एजन्सीच्या हिशोबात मात्र ती प्रत्येक ओळ 'लीड' असते आणि तिचे पैसे लागतात. त्या कंपनीला ते परवडे, कारण शंभरात एकानं जरी कर्ज घेतलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याज लगेच सुरू. तिच्याकडं फोन लावणाऱ्या पोरींची फौजही होती.

तुमचं गणित मांडून बघा. सेबीनं २०१८ मध्ये आगाऊ कमिशन बंद केलं, आता मुख्यतः मिळतं ते ट्रेल, म्हणजे जमा रकमेवर दरवर्षी मिळणारं कमिशन. समजा ग्राहकानं महिना २,००० ची एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक हप्ता, धरली. पहिल्या वर्षात जमा रकमेची सरासरी १३,००० च्या आसपास. ट्रेल ०.८% धरलं तर वर्षाचे १०४ रुपये. या १०४ रुपयांच्या आशेवर महिना बारा हजार? तो ग्राहक पंधरा वर्षं टिकला तर तुमचं भलं होतं, आणि फेसबुकवर चुकून अंगठा दाबून आलेला माणूस पंधरा वर्षं टिकत नाही.

वहिनींचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मोठे लोक उगाच करत नाहीत, पण त्यांचं काम वेगळं असतं. प्रत्येक बँकेच्या साइटवर हप्ता काढायचा कॅलक्युलेटर असतो, फंडवाल्यांच्या साइटवर एसआयपीचा. ती समाजसेवा नव्हे. 'दहा लाखांच्या घरकर्जाचा हप्ता किती' असं शोधणारा माणूस कर्जाच्या दारात उभा असतो. त्याला आकडा फुकट काढून दिला की तो पानावर येतो, आणि आकड्याखालीच 'अर्ज करा' चं बटण. अर्ज न करता गेला तरी पुढं कितीतरी दिवस तीच बँक त्याला यूट्यूबवर, बातम्यांच्या पानावर दिसत राहते. कर्ज, विमा असल्या शब्दांवर गूगलला जाहिरातीची बोली लागते आणि ती महागड्या बोलींपैकी आहे. तिथं आपण बँकेशी बोली लावायची नसते. शिवाय तुमच्या मालाची जाहिरात आधीच झाली आहे. 'म्युच्युअल फंड सही है' ॲम्फी २०१७ पासून टीव्हीवर, मोबाईलवर सांगतेय. फंड काय असतो हे दारव्ह्यातल्या मास्तरांना माहीत आहे, त्यांना ठरवायचं आहे ते हे, की तुमच्यावर भरवसा ठेवावा का.

म्हणून वेबसाइट करा, पण या कामासाठी. स्टाफरूममध्ये कुणीतरी तुमचं नाव सांगतं. मास्तर घरी जाऊन तुमचं नाव गूगलवर टाकतात. त्यांना तिथं काय दिसतं? बहुतेक काहीच नाही. आधी गूगलवर दुकानाची नोंद करा, ती फुकट आहे. नकाशावर खूण, दाराचा खरा फोटो, वेळ, आणि बाजाराच्या दिवशी उघडं असतं का ते. मग मराठीत एकच पान. त्यावर एआरएन, कोणत्या फंडांचं काम करता, आणि ठळक अक्षरांत: पैसे थेट फंडाच्या नावानं जातात, माझ्या नावानं चेक देऊ नका, रोख मी घेत नाही. हे एक वाक्य बारा हजारांच्या पोस्टांपेक्षा जास्त काम करेल.

त्या पानाखाली लोक तुम्हाला दुकानात येऊन जे विचारतात तेच लिहा. 'एका महिन्याचा हप्ता चुकला तर काय होते', 'नॉमिनी बदलायचा कसा', 'नवरा वारल्यावर फंडातले पैसे कसे काढायचे'. हा शेवटचा प्रश्न नीट लिहा: कोणता फॉर्म, मृत्यू दाखला, बँकेचा पुरावा, नॉमिनी नसेल तर काय काय जास्तीचं लागतं. असं पान लोक एकमेकांना पाठवतात. शीर्षकं बोलीत ठेवा, कारण आपल्याकडं बरेच जण टाइप करत नाहीत, माइक दाबून बोलतात. आणि जूनमध्ये काही टाकू नका, पेरणीत कुणाचं लक्ष नसतं. कापूसवाल्यांसाठी दिवाळीनंतर. नोकरदारांसाठी पूर्वी मार्च होता, पण नव्या कररचनेत ८०सी ची वजावट नाही, त्यामुळं 'कर वाचवा' ही ओरड आता अर्ध्यांना लागू नाही.

सेतूवाला_नेर

ताईंनी सगळं सांगितलं, मी दुसऱ्या बाजूनं सांगतो. माझ्याकडं लोक जाहिरातीचे स्क्रीनशॉट घेऊन येतात. वर तिरंगा, खाली कुठल्या तरी योजनेचं नाव आणि 'पाच मिनिटांत कर्ज'. विचारतात, हे सरकारी आहे का? त्यामुळं आपल्या भागात आर्थिक जाहिरात म्हटली की पहिला भाव संशयाचा, आणि तो रास्त आहे.

मी एक गोष्ट मात्र सगळ्यांना शिकवतो. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट 'डॉट बँक डॉट इन' वर न्यायच्या होत्या. म्हणजे पत्त्याच्या शेवटी ते नसेल तर आधी थांबा. तसंच शेअर दलाल आणि फंडांना यूपीआयनं पैसे भरताना आता आयडीत 'व्हॅलिड' शब्द आणि हिरव्या त्रिकोणात अंगठा दिसतो, ही सोय सेबीनं ऑक्टोबर २०२५ पासून आणली. दारव्हेकर, तुमच्या पानावर हे दोन्ही फोटोसकट टाका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, हेही टाका. जाहिरात करायची हौस असेल तर गूगल, फेसबुक आता आर्थिक जाहिरातदारांची पडताळणी मागतात. एजन्सी ती कुणाच्या नावानं करणार, ते विचारून घ्या.

संत्राबगीचा_वरूड

मी ग्राहक हाय, म्हणून बोलतो. ट्रॅक्टरचा हप्ता एकडाव गूगलवर काय पाह्यला, महिनाभर जिकडं तिकडं ट्रॅक्टरच दिसे. बायको म्हने, घेऊन टाका न जी आता.

साइटवर तो कोट-टायवाला हासून राह्यलेला मानूस नोका लावू. असा मानूस आमच्या वरूडात कोनी पाह्यला काय? तुमचाच फोटो लावा, दुकानापुढचा. अन् व्हाट्सॲपवर रोज सकायी गुलाबाचं फूल नोका धाडू बाप्पा, मी सरळ ब्लॉक करतो. मले हप्त्याच्या दोन दिवस आधी सांगा का खात्यात पैसे ठेवा. बस झालं. बजार पडला त् फोन करा, तवा कोनीच करत नाही. चढला का मंग सगळ्याइचे फोन येतेत.

दारव्हेकर

मनापासून आभार. ती पोस्ट कुठं गेली नव्हती, नशीब. बायकोला वाचून दाखवलं, तिला ट्रॅक्टरवालं लगेच पटलं, कारण तिलाही तसेच कुकर दिसत राहतात.

दोन शंका आहेत. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट टाकतो तर कित्येकांना पोचतच नाही. म्हणून एजन्सीवाला बल्क एसएमएस सुचवतो. दुसरं, वेबसाइटचं नाव तो स्वतःच्या खात्यातून घेतो म्हणे, 'तुम्हाला काही झंझट नाही'. घेऊ द्यावं का?

दिग्रसकरीण

ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच जातो ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे, आणि एका यादीत २५६ च्या वर नावं बसत नाहीत. आपल्याकडची माणसं 'आलेले कॉल' मधूनच फोन लावतात, सेव्ह कोण करतं? ग्राहक दुकानात आला की त्याच्याच फोनमध्ये स्वतः सेव्ह करून द्या, म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये तर फोटोसकट.

बल्क एसएमएस सोडा. ट्राय, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था, तिच्या २०१८ च्या नियमांनुसार आधी संस्था म्हणून नोंदणी, मग पाठवणाऱ्याचं नाव, मग प्रत्येक मजकुराचा नमुना मंजूर करून घ्यायचा. एवढं करून जाहिरातीच्या एसएमएसच्या नावामागं 'पी' लागतो, आणि लोक तो न वाचताच पुसतात. वरूडच्या भाऊंनी सांगितली तशी हप्त्याची आठवण एकेकाला साध्या व्हॉट्सॲपवरून द्या. तुमच्या ग्राहकसंख्येला ते जमतं.

वेबसाइटचं नाव त्याच्या खात्यात अजिबात नको. तुमचा ईमेल, तुमचा मोबाईल, ओटीपी तुमच्याकडं. उद्या त्याच्याशी बिनसलं तर साइट त्याची आणि तुमच्या नावानं येणारे लोकही त्याचे. गूगलच्या दुकान-नोंदणीचंही तसंच, त्याला फक्त मदतनीस म्हणून जोडा. साइटवर फॉर्म ठेवलाच तर नाव आणि मोबाईल एवढंच मागा, आणि 'फोन केलेला चालेल' ही खूण माणसानं स्वतः करायची. पॅन-आधारचे फोटो त्या फॉर्मवर मागू नका. लोकांची वैयक्तिक माहिती (डेटा) जपण्याचा कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ती कागदपत्रं सांभाळायची जोखीम तुम्ही कशाला घेता? केवायसी त्याच्या ठरलेल्या मार्गानंच होऊ द्या.

तो परत आला तर एका पानाच्या साइटचा एकरकमी भाव विचारा, रोजच्या पोस्टा आणि लीड वगळून. किती सांगतो ते इथं लिहा. दिग्रसमध्येही बहुतेक तोच फिरतोय, माझ्या दिराच्या दुकानात कार्ड ठेवून गेलाय.