मराठी ग्रंथालयांना विषयशीर्षकांची प्रमाणित यादी हवी आहे का?

जुनी_नोंद (धागाकर्ता)

त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. गावाची वतने, बलुतेदारी, कुणबी आणि कारू-नारू यांचे देणेघेणे या विषयांवर मराठीत काही लिहायचे, तर या पुस्तकाला वगळून पुढे जाता येत नाही. तरीही आपल्याकडच्या अनेक ग्रंथालयांच्या संगणकीय तालिकेत (कॅटलॉगमध्ये) 'बलुतेदारी' हा शब्द घालून ते सापडेल याची खात्री देता येत नाही, कारण तो शब्द पुस्तकाच्या नावात नाही आणि नोंदीतला विषयाचा रकाना एकतर रिकामा असतो किंवा त्यात नुसते 'समाजशास्त्र' असे भरलेले असते. 'बलुतं' असे घातले, तर दया पवार यांचे आत्मकथन मिळते. ते मोलाचे आहेच, पण बलुतेदारीच्या व्यवस्थेची माहिती काढायला आलेल्या वाचकाचे पहिले पुस्तक ते नव्हे.

१८५७ च्या बाबतीत घोळ आणखी मोठा आहे. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या मुख्य नावात त्या घटनेचा मागमूस नाही. बाकीच्या पुस्तकांच्या नावांत कोठे बंड, कोठे उठाव, तर कोठे स्वातंत्र्यसमर आहे. आपल्या भूमिकेला साजेसा शब्द निवडण्याचा लेखकाला पूर्ण अधिकार आहे. तालिकेने मात्र यांपैकी एक शब्द शीर्षक म्हणून ठरवावा आणि उरलेल्या प्रत्येक शब्दाखाली 'पाहा' अशी नोंद ठेवावी, म्हणजे कोणत्याही शब्दाने आत आलेला वाचक एकाच ठिकाणी पोचतो.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकी ग्रंथपाल चार्ल्स ॲमी कटर यांनी १८७६ मध्ये तालिकेचे नियम लिहिताना सांगितले, की मांजरावरचे पुस्तक 'मांजर' या शीर्षकाखालीच नोंदवावे, प्राणिशास्त्राखाली नव्हे. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने १८९८ पासून विषयशीर्षकांची आपली यादी बांधायला घेतली, आणि मिनी अर्ल सीअर्स यांनी १९२३ मध्ये लहान ग्रंथालयांसाठी सुटसुटीत यादी काढली. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतले कार्यालय १९६२ पासून मराठी पुस्तकेही घेत आले आहे. त्या पुस्तकांना विषयशीर्षके लागतात, पण ती इंग्रजीत. त्यामुळे मराठी पुस्तक विषयावरून शोधण्याची सोय अमेरिकेतल्या संशोधकाला आहे आणि आपल्या तालुक्याच्या वाचकाला नाही. माझे म्हणणे असे, की मराठी शब्दांची, 'पाहा' आणि (जवळच्या दुसऱ्या शीर्षकाकडे नेणाऱ्या) 'आणखी पाहा' नोंदींसह बांधलेली एक प्रमाणित यादी आपल्याला हवी. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची विषयवार सूची तयार केली, तेव्हा त्यांच्या हाताशी संगणक नव्हता. म्हणून हे काम आवाक्याबाहेरचे आहे असे मी मानत नाही.

शोधखिडकी

धाग्यातले निदान मला मान्य आहे, उपाय मान्य नाही. ज्या काळात तालिका म्हणजे लाकडी खणांतली कार्डे होती, त्या काळात एका पुस्तकाला चार-पाच कार्डांपेक्षा जास्त जागा देणे परवडत नव्हते, आणि म्हणून शब्द आधी ठरवून घेणे भाग होते. आज 'बंड', 'उठाव' आणि 'स्वातंत्र्यसमर' हे एकाच घटनेचे शब्द आहेत हे शोधयंत्राला शिकवता येते. त्यासाठी प्रत्येक पुस्तकावर माणसाने शीर्षक चिकटवत बसण्याची गरज नाही.

शिवाय प्रमाणित याद्या भाषेच्या मागे रखडतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत स्वयंपाकाच्या पुस्तकांना 'कुकरी' हा शब्द २०१० पर्यंत होता. अमेरिकेत रोजच्या बोलण्यात 'कुकिंग' म्हणत असताना तालिका मात्र जुन्या शब्दाला धरून बसली. दुसरे असे, की या यादीतली शीर्षके 'इंडिया – हिस्टरी – सिपॉय रिबेलियन, १८५७-१८५८' अशी तुकडे जोडून केलेली असतात. असा मजकूर शोधखिडकीत कोणता वाचक लिहितो? ज्या यादीची भाषा फक्त तालिकाकारालाच येते, ती वाचकाच्या सोयीची आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

जुनी_नोंद

शोधयंत्राला समानार्थी शब्द शिकवायचे, म्हणजे कोणीतरी बसून ठरवायचे, की अमुक शब्द तमुक शब्दाच्या जोडीचा आहे. तीच तर प्रमाणित यादी झाली. तुम्ही ती वाचकाच्या नजरेआड ठेवता, एवढाच फरक. दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. शोधयंत्र मजकुरात असलेला शब्द शोधते. मराठी पुस्तकांचा पूर्ण मजकूर तालिकेत कोठे आहे? जुन्या छपाईची पुस्तके पूर्णपणे अंकरूप झालेली नाहीत, नव्या पुस्तकांवर स्वामित्वहक्क आहे, आणि त्यामुळे यंत्राच्या हाती नाव, लेखक, प्रकाशक आणि साल एवढेच उरते. 'गावगाडा' या चार अक्षरांतून बलुतेदारी काढून दाखवणारे यंत्र असेल, तर ते आधीच कोणीतरी लिहून ठेवलेल्या वर्णनावर चालत असणार.

तुकडे जोडलेल्या शीर्षकांची टीका रास्त आहे. ती खुद्द अमेरिकेतही झाली, आणि तेच शब्द सुटे करून वापरण्याची 'फास्ट' नावाची पद्धत तिथे निघाली. आपण सुरुवातच सुट्या शीर्षकांनी करावी.

तळमजला

मी तालुक्याच्या ठिकाणी 'ब' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान मिळते, ते पगार, पुस्तके, वर्तमानपत्रे आणि वीजबिल यांत संपते. आमच्याकडे कपाटांवर कादंबरी, कथा, चरित्र, धार्मिक, स्पर्धा परीक्षा आणि बालवाङ्मय अशा पाट्या आहेत, आणि बहुतेक सभासदांचे त्यावर भागते. ज्यांचे भागत नाही ते टेबलापाशी येऊन विचारतात.

पण मी यादीच्या विरोधात नाही, कारण टेबलापाशी बसलेला माणूस निवृत्त झाला की त्याच्या डोक्यातली यादी त्याच्याबरोबर जाते. माझी अट एवढीच, की दोन-तीनशे शीर्षके असलेली, छापून टेबलावर ठेवता येईल अशी यादी द्या. लायब्ररी ऑफ काँग्रेससारखे जाडजूड खंड आले, तर ते कपाटात शोभेला राहतील.

नामांतर

इथे सगळेजण शब्द निवडणे ही तांत्रिक बाब असल्यासारखे बोलत आहेत, म्हणून लिहितो. शीर्षक ठरवणे म्हणजे त्या विषयाला कोणाच्या नजरेने पाहायचे ते ठरवणे. सॅनफर्ड बर्मन या अमेरिकी ग्रंथपालांनी १९७१ मध्ये पुस्तकच लिहून दाखवले, की लायब्ररी ऑफ काँग्रेसची माणसांविषयीची शीर्षके गोऱ्या, ख्रिस्ती आणि पुरुष वाचकाला गृहीत धरून रचलेली होती. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल, तर त्या यादीत 'दलित्स' हे शीर्षक येण्यापूर्वी तिथे 'अनटचेबल्स' होते. १८५७ ला 'शिपायांचे बंड' म्हणणारे शीर्षक वर आलेच आहे. भारतातल्या लेखकाने त्याला काहीही म्हटले असले, तरी तालिकेत त्याचे पुस्तक त्याच पाटीखाली जाऊन बसते. ड्यूई दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयावरून अंक देण्याच्या पद्धतीत, धर्माच्या २०० च्या वर्गातला मोठा भाग, २२० पासून २८९ पर्यंत, बायबल आणि ख्रिस्ती धर्माला दिलेला आहे, आणि जगातले बाकीचे धर्म २९० च्या दशकात कोंबले आहेत. हिंदू धर्माचा अंक २९४.५ आहे.

आता मराठी यादीचा विचार करा. 'आदिवासी' हे शीर्षक असेल की 'वनवासी'? 'दलित', 'अनुसूचित जाती' आणि 'नवबौद्ध' यांचा संबंध कोण ठरवणार? सरकारी समिती ठरवणार असेल, तर सरकार बदलले की शीर्षकेही बदलतील. अमेरिकेत काय झाले ते पाहा. कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या स्थलांतरितांसाठी असलेले 'इल्लीगल एलियन्स' हे शीर्षक बदलावे अशी मागणी डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये केली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१६ मध्ये बदल जाहीर केला, आणि तेथील प्रतिनिधिगृहातल्या सदस्यांनी ग्रंथालयाच्या निधीच्या विधेयकातून त्यात हात घातला. प्रत्यक्ष बदल व्हायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. एका शब्दासाठी एवढे महाभारत होत असेल, तर मी म्हणेन, की वाचकांनाच आपापले शब्द पुस्तकांना जोडू द्यावेत. शंभर शब्द जोडले गेले तर त्यातला एकही राज्य करणार नाही.

साखळी

या वादातून बाहेर पडण्याची एक वाट ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी दाखवून ठेवली आहे, आणि ती भारतीय असल्यामुळे विसरली जाते की काय अशी शंका येते. १९३८ मध्ये त्यांनी साखळी पद्धत मांडली. वर्गांकाच्या, म्हणजे वर्गीकरणात पुस्तकाला मिळालेल्या अंकाच्या, प्रत्येक पायरीला एक संज्ञा असते. त्या संज्ञा सर्वांत नेमक्या पायरीपासून उलट वर चढत जाऊन घेतल्या, की विषयनोंदी आपोआप तयार होतात. वेगळी यादी सांभाळावी लागत नाही आणि तालिकाकाराच्या लहरीला वाव कमी राहतो. ब्रिटिश नॅशनल बिब्लिऑग्राफीने १९५० पासून दोन दशके याच पद्धतीने आपली विषयानुक्रमणिका चालवली.

नामांतर

वर्गीकरणातला पूर्वग्रह साखळीने जातो कसा? २९४.५ पासून उलट चढत गेलात, तरी वाटेत 'इतर धर्म' ही पायरी लागणारच.

जुनी_नोंद

नामांतर यांच्या लेखनातली एकूण एक वस्तुस्थिती मला मान्य आहे, आणि तरीही त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. 'अनटचेबल्स' हा शब्द यादीत लिहिलेला होता म्हणूनच तो कोणाला तरी दिसला, त्यावर बोट ठेवता आले, आणि तो बदलल्यावर त्या यादीशी जोडलेल्या नोंदींमध्ये बदलण्याचा मार्ग खुला झाला. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना मागणी कोणाकडे करायची हे ठाऊक होते. शंभर वाचकांनी शंभर शब्द जोडलेल्या तालिकेत अपमानकारक शब्द नसतील असे नाही. ते विखुरलेले असतील, त्यांची जबाबदारी कोणावर नसेल, आणि तक्रार घेऊन जायला दारच नसेल. आज आपल्या ग्रंथालयांत नेमके हेच चालू आहे. विषयाच्या रकान्यात ज्याने नोंद केली त्याचा शब्द उमटतो आणि त्याला कोणी विचारत नाही.

सरकारी समितीची भीती मलाही आहे. म्हणून यादी विद्यापीठांचे ग्रंथालयशास्त्र विभाग आणि जुनी सार्वजनिक ग्रंथालये यांनी मिळून चालवावी, आणि प्रत्येक शीर्षकाखाली ते का निवडले आणि कोणते शब्द का वगळले हे उघडपणे लिहावे. असे कारण लिहायची सक्ती झाली, की 'वनवासी' निवडणाऱ्यालाही आणि 'आदिवासी' निवडणाऱ्यालाही आपली भूमिका लपवता येत नाही.

शोधखिडकी

उघड कारणांची यादी ही कल्पना चांगली आहे. पण मध्यंतरीच्या काळाचे काय? २०१६ ते २०२१ या काळात काही अमेरिकी विद्यापीठांनी वाट न पाहता आपापल्या तालिकेत दुसरा शब्द दाखवायला सुरुवात केली होती. म्हणजे प्रमाणित यादी अडली तेव्हा उपयोगी पडली ती स्थानिक मुभाच.

जुनी_नोंद

मुभा जरूर असावी. पण ती वापरताना त्या ग्रंथालयांनी यादीतली नोंद पुसली नाही, पडद्यावर दिसणारा शब्द तेवढा बदलला. मूळ नोंद एकसारखी होती म्हणूनच हा बदल एका फटक्यात करता आला.

तळमजला

मला उद्या कामाला येईल असे काही ठरवू या. दया पवारांचे 'बलुतं' मी कोणत्या शीर्षकाखाली घालू? कपाटात ते चरित्राच्या फळीवर आहे. 'आत्मचरित्रे' हे शीर्षक द्यायचे, की 'दलित आत्मकथने' असे वेगळे करायचे?

जुनी_नोंद

दोन्ही द्या. फळीवर पुस्तकाला एकच जागा मिळते, शीर्षकांना ते बंधन नाही. वर्गीकरण आणि विषयशीर्षके यांतला कामाचा फरक हाच आहे. 'बलुतेदारी' हे शीर्षकही लावता येईल, पण नियम असा ठेवावा, की पुस्तकाचा बऱ्यापैकी भाग त्या विषयाला दिलेला असेल तरच ते लावायचे. नाहीतर वाचकाला पुन्हा तोच पसारा चाळावा लागेल.

नामांतर

'आत्मचरित्रे' या शीर्षकाखाली ते सर्वांच्या बरोबरीने बसते, हे मला पटले. 'दलित आत्मकथने' या शीर्षकाबद्दल मात्र हरकत आहे. आपल्या लेखनाला 'आंबेडकरी' म्हणणारे आणि 'दलित' हा शब्द स्वतःपुरता नाकारणारे लेखक आहेत. त्यांची पुस्तके लेखकाच्या जातीवरून या शीर्षकाखाली ढकलली गेली, तर तालिकेने पुन्हा तेच केले असे होईल.

जुनी_नोंद

त्यासाठी शीर्षकाखाली व्याप्तीटीप लिहावी लागेल: 'जातीय अत्याचार आणि त्याविरुद्धचा संघर्ष यांचा अनुभव हा ज्यांचा मुख्य आशय आहे अशा आत्मकथनांसाठी, लेखकाच्या जन्मजातीवरून हे शीर्षक लावू नये.' आणि 'आंबेडकरी आत्मकथने' या शब्दाने येणाऱ्या वाचकासाठी तिथे 'पाहा: दलित आत्मकथने' अशी नोंद ठेवू.

नामांतर

टीप ठीक आहे. 'पाहा' नको. 'पाहा' म्हणजे दोन्ही शब्द एकच आहेत आणि त्यातला एक आपण रद्द केला, असा अर्थ होतो. 'आंबेडकरी आत्मकथने' हे स्वतंत्र शीर्षक ठेवा आणि दोन्हींखाली परस्परांसाठी 'आणखी पाहा' लिहा. तळमजला यांच्या दोन-तीनशे शीर्षकांच्या यादीत एकाची भर पडेल, ती पडू द्या.